खाली बसणाऱ्यांच्या खोलीला कॉर्कची जमीन

कॉर्कची, म्हणजे बाटलीच्या बुचाची जी साल असते तिची, जमीन अख्ख्या घराला घालू नका. घरातली एक खोली निवडा, जिथं कोणीतरी दिवसाचा बराच वेळ खाली बसून काढतं किंवा रात्री खालीच गादी टाकून झोपतं, आणि तेवढीच नीट करा. मी सुतार आहे. पुण्यात अनेक वर्षं लाकडी फ्लोअरिंगची कामं केली, कॉर्कवर हात तिथंच बसला. आता यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात गावी राहून दारं-खिडक्या, दिवाण, देव्हारे करतो. गावातली पोरं मोबाइलवर कॉर्कचे फोटो दाखवतात आणि विचारतात, "भाऊ, हे आपल्या इकडं टिकते का?"

टिकतं. पण किती टिकेल हे खालचा कोबा किती कोरडा आहे आणि वरचा पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) थर वेळेवर दिला जातो की नाही, यावर ठरतं. कॉर्क स्वतः बिचारा फारसा बिघडत नाही. म्हणून मी या दोन गोष्टींवर जास्त लिहिणार आहे आणि बाकीचं थोडक्यात आटोपणार आहे.

आमच्याकडे कॉर्क आहे ती मोठ्या आईची खोली, दहा बाय बाराची. तिला खाटेवर बसवत नाही. तूर निवडणं, वाती वळणं, नातवंडांना भरवणं, सगळं खालीच. आधी तिथं शहाबादी होती. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास आला की म्हणायची, "फरशीवर पाय ठेवला का झिणझिण्या डोक्यात जातेत रे बाप्पा." खाली बोरा, त्यावर सतरंजी, त्यावर गोधडी, तरी गारठा वर यायचाच. आता कॉर्कवर एक सतरंजी पुरते. उठताना ती उजवा तळहात जमिनीवर टेकवते, मग गुडघा, मग भिंतीचा आधार. तळव्याखाली जमीन नखभर दबते, हात सरकत नाही. "आता खाली बसाले बरं वाट्टे," एवढंच ती बोलली, पण तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

युरोपात बऱ्याच घरांत लोक बूट-चपला घालून कॉर्कवर चालतात आणि बसतात मात्र खुर्चीवर. आपण अनवाणी चालतो, जमिनीवर जेवतो, जमिनीवर झोपतो. जमीन हेच आपलं निम्मं फर्निचर आहे. त्यामुळं कॉर्कचा गुण आपल्या अंगाला जास्त लागतो, असं माझं ठाम मत आहे.

हा गुण येतो कुठून ते थोडं सांगतो. कॉर्क ही एका जातीच्या ओकची साल. हे झाड भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात होतं, आणि जगातला जवळपास निम्मा कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतो. आपल्याकडे पांढऱ्या लांब दांड्याच्या सुगंधी फुलांचं बुचाचं झाड असतं, ते हे नव्हे. ओक तोडत नाहीत. साधारण पंचवीस वर्षांचा झाला की उन्हाळ्यात कुऱ्हाडीनं त्याची साल सोलतात, पुढं दर ९ वर्षांनी पुन्हा. कोणत्या साली सोलली ते कळावं म्हणून बुंध्यावर पांढऱ्या रंगात त्या वर्षाचा शेवटचा आकडा लिहून ठेवतात. या सालीतून आधी बाटल्यांची बुचं कापली जातात आणि उरलेल्या तुकड्यांचे दाणे करून, बाइंडर घालून, दाबून फरशा बनवतात. शाळेत पेशीचा धडा जिथून सुरू होतो ती रॉबर्ट हूकनं १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली पेशी याच सालीची. एका घन सेंटिमीटरमध्ये अशा सुमारे ४ कोटी पेशी, प्रत्येकीत हवा कोंडलेली. कोंडलेल्या हवेतून उष्णता हळू जाते, म्हणून अंगातली ऊब जमीन ओढून घेत नाही. दाब पडला की ती हवा दबते आणि दाब काढला की परत फुगते. पेशींच्या भिंतीत सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ असतो, त्यामुळं पाणी चटकन आत शिरत नाही.

आता उन्हाळ्याचं. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की दुपारी आपण उघड्या शहाबादीवर अंग टाकतो आणि तिचा गारवा घेतो. कॉर्कवर तो मिळणार नाही. जो गुण थंडीत कामी येतो तोच इथं आड येतो. "घर थंड राहतं" असं दुकानदार सांगत असेल तर लक्षात घ्या, आपल्याकडचा उन्हाळा टिनातून आणि स्लॅबमधून वरून उतरतो, पायाखालच्या सहा मिलिमीटर कॉर्कनं त्याला काही होत नाही. बैठकीत शहाबादी आहे तशी राहू द्या, दुपारची सोय तिथं होते. घरात कॉर्कची एकच खोली करा म्हणतो, त्याचं एक कारण हेही आहे.

आवाजाचा फायदा मात्र बारा महिने आहे. स्टीलचा गिलास पडला तरी शेजारच्या खोलीतलं लेकरू झोपेतून उठत नाही. माडीवर पोरं अभ्यासाला बसत असतील तर खालच्यांना सुख. म्हातारं माणूस पडलं तर दगडापेक्षा मार कमी लागतो हेही खरं, पण हाड मोडणारच नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

ओल श्रावणात तपासा, जमीन दिवाळीनंतर घाला

या सगळ्या कामात घाई करण्यासारखी एकही पायरी नाही, आणि पहिली पायरी तर बसवण्याच्या चार-पाच महिने आधीची आहे.

उन्हाळ्यात आपल्याकडची प्रत्येक जमीन कोरडीठाक दिसते. मे महिन्यात तपासून काही कळत नाही. पावसाळा मुरला, विहिरी भरल्या, काळी माती पोटभर प्यायली की मग तपासा. दोन-दोन फुटांचे जाड, पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे घ्या आणि चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावून जमिनीवर पक्के चिकटवा. एक खोलीच्या मध्यावर, एक न्हाणीकडच्या भिंतीलगत, एक बाहेरच्या भिंतीलगत. शहाबादी असेल तर तुकडा सांध्यावर येईल असा ठेवा, कारण दगडातून कमी आणि सांध्यातून जास्त ओल वर येते. एक पूर्ण दिवस-रात्र थांबा, तीन दिवस थांबलात तर उत्तम. प्लास्टिक उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालचा दगड भोवतालपेक्षा काळसर दिसला, तर त्या जमिनीवर कॉर्क घालायचा नाही.

तिथं मन खट्टू होतं, पण काम संपत नाही. पाणी कुठून येतं ते शोधा. बहुतेक घरांत ते तीन ठिकाणांहून येतं. वळचणीचं पाणी जोत्याला लागून पडतं. मोरीचं सांडपाणी भिंतीमागच्या खड्ड्यात साचतं. किंवा अंगणाची माती वर्षानुवर्षं भरत जाऊन घरातल्या जमिनीच्या बरोबरीला आलेली असते. पन्हाळी लावा, सांडपाणी पाइपनं लांब न्या, जोत्याभोवतीची माती खाली घ्या आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा प्लास्टिक लावून बघा. इपॉक्सीचे ओल अडवणारे थर मिळतात, चांगला मिस्त्री असेल तर ते कामही करतात. पण बाहेर पाणी तसंच ठेवून आतून नुसता थर मारला, तर ओल भिंतीत चढते आणि भिंतीचा गिलावा सुटायला लागतो.

सारवलेल्या जमिनीवर कॉर्क बसत नाही. शेणामातीच्या जमिनीला श्वास घ्यायला लागतो, वरून झाकली की ती खालून कुजते. आणि खरं सांगायचं तर सारवलेली जमीन थंडीत दगडाइतकी अंगाला लागतही नाही. ती चांगली असेल, सारवणारे हात घरात असतील, तर तिला मोडू नका. मोडायचीच असेल तर माती काढून मुरूम धुम्मस करा, बोल्डरची सोलिंग भरा, त्यावर २५० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरा. जोडाच्या जागी अर्धा फूट एकावर एक येऊ द्या, कडा भिंतीवर चढवा आणि त्यावर चार इंच काँक्रीट टाका. नवं काँक्रीट वाळायला ढोबळ हिशेब इंचाला एक महिना. चार इंचाला चार महिने, आणि मध्ये पावसाळा आला तर तो हिशेबात धरू नका.

दुसरी तपासणी भेगांची. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या आपण बघतोच, तीच माती घराखालीही असते. कोब्याला भेग असेल तर ती मेलेली आहे की जिवंत, ते कळलं पाहिजे. भेगेवर आडवी पीओपीची बोटभर रुंद, पातळ पट्टी ओढा आणि शेजारी तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. पट्टी शाबूत असेल तर भेग भरून पुढं जा. पट्टी तडकली असेल तर जमीन अजून हलते आहे. तिच्यावर चिकटवलेला कॉर्कही तिथंच उकलेल. अशा खोलीला कॉर्क नको, सरळ जाड सतरंजी घ्या.

तिसरी गोष्ट वाळवी. "कॉर्कला वाळवी लागत नाही" असं ऐकून निर्धास्त होऊ नका. वाळवी कॉर्कवर ताव मारत नाही, पण त्याच्या खालून वाट काढून तुमच्या सागवानी चौकटीपर्यंत पोचते, आणि वर झाकण असल्यामुळं तुम्हाला ते दिसतही नाही. जमीन घालण्याआधी भिंतीच्या कडेनं साधारण एक-एक फुटावर भोकं पाडून वाळवीचं औषध सोडून घ्या. हे काम औषध फवारणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच करा. नंतर करायचं म्हटलं तर कॉर्कला भोकं पडतील.

कोणता कॉर्क घ्यायचा

बाजारात दोन जाती मिळतात. एक चिकटवायची फरशी, साधारण ३०० बाय ३०० किंवा ३०० बाय ६०० मिलिमीटरची, ४ ते ८ मिलिमीटर जाड, पूर्ण कॉर्कची. दुसरी एकमेकांत अडकवायची पट्टी, दहा-बारा मिलिमीटर जाड, वर कॉर्कचा पातळ थर, मध्ये एचडीएफ, खाली पुन्हा कॉर्क. दुसरी बसवायला सोपी, कोणीही अडकवत जातं, म्हणून विकणारे तीच पुढं करतात. मी आपल्याकडे ती घेऊ नका म्हणतो. एचडीएफ म्हणजे दाबलेला लाकडाचा भुगा. त्याला पाणी लागलं की कडा फुगतात आणि फुगलेल्या कडा परत बसत नाहीत. वाळवीला तो आवडतो. आणि वरचा थर पातळ असल्यामुळं झिजला तर घासून नवा करता येत नाही. पूर्ण कॉर्कची ६ मिलिमीटरची चिकटवायची फरशी घ्या. ती घासता येते, एकेक बदलता येते.

हे सगळं बाहेरून येतं, त्यामुळं साध्या व्हिट्रिफाइड टाइलपेक्षा बरंच महाग पडतं. मागवताना हिशेब नीट करा. दहा बाय बाराच्या खोलीला ३०० मिलिमीटरच्या १२४ फरशा लागतात, कापाकापीसाठी दहा टक्के वाढवा. त्यावर एक पेटी राखीव घ्या. सगळ्या पेट्या एकाच लॉटच्या आहेत ना ते बघा. पुढच्या खेपेला तोच रंग मिळेल याची खात्री नसते.

मोरी, न्हाणी आणि चुलीजवळ कॉर्क नको. अमेरिकेत फ्रँक लॉइड राइटनं १९३० च्या दशकात बांधलेल्या फॉलिंगवॉटर या घराच्या बाथरूममध्येही कॉर्क आहे, हे कोणी दाखवेल. पण तिकडची अंघोळ आपल्यासारखी नसते. आपण पाटावर बसून तांब्यानं पाणी घेतो, निम्मं पाणी जमिनीवर. देवघरही वगळा, समईचं तेल झिरपलं की डाग कायमचा.

बसवणं

हवा फार दमट असताना बसवला तर कॉर्क उन्हाळ्यात आकसून सांधे उघडतात. वैशाखाच्या कोरड्या हवेत बसवला तर पावसाळ्यात फुगून कडा एकमेकींना वर ढकलतात. मधला काळ म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा. त्यातही ज्या घरात कापूस भरून ठेवतात त्यांनी कापूस विकून खोली रिकामी झाली की हात घाला. कारण पुढं येईल.

पेट्या त्याच खोलीत आणून उघडा आणि फरशा सैल रचून निदान दोन दिवस, जमलं तर चार दिवस ठेवा. पंखा, खिडक्या रोजच्यासारख्या चालू द्या. या दिवसांत सगळ्या पेट्यांमधल्या फरशा एकमेकींत मिसळून घ्या. कॉर्क झाडाचा आहे, कुठं गडद, कुठं फिका निघतो. न मिसळता लावला तर खोलीत पट्टे दिसतात.

जमीन सपाट हवी. सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सगळ्या दिशांनी फिरवा. पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर सेल्फ लेव्हलिंगचं मिश्रण ओतून सपाट करून घ्या. शहाबादीचे सांधे तर भरावेच लागतात, नाहीतर वर्षभरात ते कॉर्कमधून वर उमटतात. जुनं तेल, मेण, रंग खरवडून काढा. शेवटी झाडू, मग ओलसर फडकं, मग पूर्ण सुकू द्या.

खोलीचा मध्य काढा आणि तिथून दोन्हीकडे गेरूचं सूत मारा. दोन्ही सुतं काटकोनात आहेत ना, ते गुण्यानं (सुताराच्या काटकोनी पट्टीनं) न बघता तीन-चार-पाचच्या मापानं बघा: एका सुतावर तीन फूट, दुसऱ्यावर चार फूट, आणि तिरपं माप बरोबर पाच आलं पाहिजे. चिकट न लावता एक आडवी आणि एक उभी ओळ मांडून बघा. भिंतीकडे दोन बोटांची चिंधी उरत असेल तर सूत अर्ध्या फरशीनं सरकवा. जुन्या घरांच्या भिंती कधीच काटकोनात नसतात, म्हणून भिंतीपासून सुरुवात करायची नाही.

चिकट म्हणजे काँटॅक्ट अ‍ॅडेसिव्ह, सनमायका लावायला सुतार वापरतात त्या जातीचं, पण पाण्यातलं आणि कॉर्कसाठी बनवलेलं. फरशीच्या पाठीवर आणि जमिनीवर, दोन्हीकडे पातळ लावायचं. लावल्यावर ते दुधासारखं पांढरं दिसतं. थांबायचं. हळूहळू पारदर्शक होतं. बोटाच्या पेराला चिकट वाटतं पण बोटावर येत नाही, तेव्हाच ते तयार असतं. थंडीच्या सकाळी याला तासभर लागतो, दुपारी निम्म्या वेळात होतं, म्हणून घड्याळावर जाऊ नका, बोटावर जा. जमिनीवर एका वेळी आठ-दहा फरशांपुरतंच लावा.

आता फरशी दोन्ही हातांत धरायची, एक कड आधीच्या फरशीला नेमकी भिडवायची आणि मग बाकीची फरशी वरून खाली सोडायची. दोन्ही पृष्ठं एकदा भेटली की फरशी सरकत नाही, हे पक्कं लक्षात असू द्या. कड आधी, पोट नंतर. सांध्यावर रबरी हातोडीनं हलके ठोके द्या. शहरात पंचेचाळीस-पन्नास किलोचा रोलर भाड्यानं मिळतो. गावात नाही मिळाला तर हातरोलर घ्या, दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून प्रत्येक फरशी आडवी आणि उभी फिरवा. हे कंटाळवाणं आहे, पण एखाद्या फरशीचा कोपरा पुढं उचलला गेला तर तो इथंच राहिलेला असतो. फरशा एकमेकींना घट्ट भिडवा, भिंतीशी मात्र पाच मिलिमीटरची फट ठेवा. वरून सागवानी स्कर्टिंग येईल, ते भिंतीला ठोका, जमिनीला नाही.

उंबरठ्याशी पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावून कॉर्क चार बोटं आधीच थांबवा. उंबरठ्याला रोज पाणी आणि हळदी-कुंकू लागतं. हळद पीयूच्या थरातही पिवळी उतरते आणि जात नाही.

वरचा थर

काही फरशा तयार पॉलिशच्या येतात. त्यांच्यावरही बसवल्यानंतर एक कोट द्यायचा, म्हणजे सांधे बंद होतात. बिनपॉलिशच्या असतील तर पाण्यातल्या पीयूचे तीन पातळ कोट. दोन कोटांत डब्यावर लिहिलेला वेळ द्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या कोटाआधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलका हात फिरवा आणि भुकटी पुसून घ्या.

आणि आता कापसाचं. वेचणीच्या दिवसांत आपल्या गावांत हवेतच रुई असते. शेजारी कापसाचा ढीग असेल, गाडी भरत असेल, तर तिचे तंतू ओल्या पीयूवर येऊन बसतात आणि वाळले की केसांसारखे उमटून दिसतात. घासून काढले की कोट पुन्हा द्यावा लागतो. कोट देण्याच्या दिवशी खिडक्यांना ओली धोतरं बांधा, पंखा बंद ठेवा, अंगावरचे सुती कपडेही बाहेर झटकून या. काम पहाटे करा, तेव्हा वारा पडलेला असतो आणि गाड्याही सुरू झालेल्या नसतात.

शेवटच्या कोटानंतर दुसऱ्या दिवशी अनवाणी चालायला हरकत नाही. सामान मात्र आठवड्यानंतरच आणा. पीयू वरून सुकलेला दिसला तरी आत घट्ट व्हायला तेवढे दिवस घेतो.

रोजचं वागणं

आपल्याकडे घर स्वच्छ करणं म्हणजे बादलीभर पाणी ओतून खराट्यानं ढकलणं. महालक्ष्म्यांच्या आधी तर सगळं घर धुतलं जातं. या खोलीला हे चालणार नाही, आणि हे घरातल्या प्रत्येकाला, पाहुणीला आणि कामवाल्या बाईला आधीच सांगून ठेवा. मऊ झाडू, आणि घट्ट पिळलेला पोछा. मळ असेल तर कोमट पाण्यात साध्या साबणाचे दोन थेंब. फिनाइल, अ‍ॅसिड, धुण्याचा सोडा काहीही नको. पाणी सांडलं तर लगेच पुसा, मग काही होत नाही.

सगळ्यात मोठा शत्रू कूलर. मार्च ते जून तो खिडकीत घरघरतो, त्याची टाकी झिरपते, पंप थुंकतो, आणि खिडकीखालच्या दोन ओळी रोज भिजतात. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवा, त्याचं तोंड किंचित बाहेरच्या बाजूला उतरतं करा आणि खिडकीच्या आतल्या कडेला प्लास्टिकचा कठडा बसवा. नळी टाकीत नीट बसली आहे का ते रोज भरताना बघा.

दुसरा शत्रू पायाला लागलेला मुरूम. त्याचा कण पीयूला घासतो. दाराबाहेर काथ्याचं पायपुसणं ठेवा. आत रबराच्या पाठीची पायपुसणी टाकू नका, रबर खालच्या कॉर्कचा रंग बदलतं.

जड वस्तूंचं असं आहे की हवा दबते आणि परत येते, पण वर्षभर एकाच जागी पडलेल्या दाबाखालचा खड्डा भरून येत नाही. गव्हाची कोठी आणि लोखंडी कपाट या खोलीत नसलेलं बरं. असेलच तर त्यांच्या चार पायांखाली चार ठोकळे न देता पूर्ण तळाएवढं प्लायवूड टाका, म्हणजे भार पसरतो. दिवाणाच्या पायांना उरलेल्या कॉर्कच्याच चकत्या चिकटवा. पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारी पडदा ओढा. उन्हानं कॉर्कचा रंग फिकतो आणि पडद्याच्या कडेची रेघ जमिनीवर उमटते. सतरंजी अधूनमधून जागा बदलून टाका, नाहीतर तिच्याखालचा रंग वेगळा राहतो.

कोट कधी द्यायचा, फरशी कधी बदलायची

वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, दारापासून बसायच्या जागेपर्यंतच्या वाटेवर पाण्याचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटं बघा. थेंब गोल राहिला आणि पुसल्यावर खाली काही दिसलं नाही, तर थर चांगला आहे. खालचा कॉर्क काळसर झाला तर थर संपला आहे आणि पावसाळा लागायच्या आत कोट दिला पाहिजे. बेताचा वावर असलेल्या खोलीत साधारण पाच-सात वर्षांनी ही वेळ येते. पूर्ण खोली २२० च्या पेपरनं घासा, भुकटी पुसा, दोन पातळ कोट द्या. थर पूर्ण जाऊन कॉर्क उघडा पडेपर्यंत थांबलात तर मग मशीननं घासून सुरुवातीपासून सगळं करावं लागतं. सहा मिलिमीटरची फरशी तेही सोसते, पण खर्च उगाच वाढतो.

एखादी फरशी भिजून फुगली, जळली किंवा फाटली तर तेवढीच काढा. तिच्या चारी कडांवर लोखंडी पट्टी धरून कटर फिरवा. मध्ये पटाशीनं फोडा आणि मधून कडेकडे सोलत या, कडेकडून मध्ये नाही, नाहीतर शेजारची कड उचलते. खालचं जुनं चिकट गरम हवेच्या गननं नरम करून खरवडा. खालचा कोबा ओला असेल तर आधी तो पूर्ण वाळू द्या आणि पाणी आलं कुठून ते शोधा. राखीव पेटीतली फरशी आधी दोन दिवस खोलीत उघडी ठेवून मगच चिकटवा. पेटीतली फरशी उजेड न लागल्यामुळं भोवतालच्यांपेक्षा थोडी गडद दिसेल, काही महिन्यांत रंग जवळ येतो. राखीव पेटी माळ्यावर टिनाखाली ठेवू नका. तिथं मे महिन्यात फरशा वाळून वाकतात. त्याच खोलीत, दिवाणाखाली, आडवी ठेवा.